अण्णा विचारतात, हे लोक ई-मेल फुकट का देतात?

विश्रामबागकर

राम राम मंडळी.

प्रश्न माझा नाही, अण्णांचा आहे. अण्णा म्हणजे आमचे वडील. वय ७६, निवृत्त मुख्याध्यापक. बहीण दिल्लीला असते, तिच्याकडे जायचं म्हणून मी त्यांचं पुण्याहून विमानाचं तिकीट काढलं. तिकीट त्यांच्या जीमेलवर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मला फोन दाखवतात, तर कॅलेंडरात विमानाची तारीख, वेळ, नंबर सगळं आपोआप येऊन बसलेलं. मी टाकलं नव्हतं आणि त्यांना टाकता येत नाही.

अण्णा म्हणाले, "म्हणजे पत्र कुणीतरी फोडून वाचलं."

मी म्हटलं, अहो माणूस नाही वाचत, कॉम्प्युटर वाचतो.

"कॉम्प्युटर कुणाचा?"

यावर मी गप्प. मग ते म्हणाले, "आमच्या गावचा पोस्टमन सगळी कार्डं वाचूनच द्यायचा. पण त्याला पोस्टखात्याचा पगार होता. यांना पगार कोण देतं?"

मी २००६ पासून तेच मेल वापरतोय. पॅन, आधार, घराचं खरेदीखत, पोरीची गुणपत्रकं, विम्याचे कागद, सगळं तिथंच पडलंय. एवढ्या वर्षांत एक रुपया दिलेला नाही. आता अण्णांचं डोक्यात बसल्यापासून अस्वस्थ आहे. तुम्ही किती विश्वास ठेवता? कुणी सोडून दुसरीकडे गेलंय का? जाण्यात अर्थ आहे का?

---

चिंचेखालचा

फुकट ते पौष्टिक. पुढचा प्रतिसाद कोण देतंय ते बघायला भडंग घेऊन बसलोय.

---

वालचंद_९८

अण्णांना माझा नमस्कार सांगा. "कॉम्प्युटर कुणाचा" हा प्रश्न आमच्या क्षेत्रातले लोकही विचारत नाहीत.

थोडा खुलासा करतो. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं, कारण १ जीबी जागा फुकट. तेव्हा हॉटमेल २ एमबी देत होतं आणि याहू ४. त्या जागेच्या बदल्यात गुगल उघड सांगत होतं की मेलमधले शब्द मशीन वाचेल आणि शेजारी त्यानुसार जाहिरात दिसेल. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या आणि बाहेरच्या मिळून तीसेक संघटनांनी हे थांबवा म्हणून पत्र लिहिलं. थांबलं नाही. पुढे जून २०१७ मध्ये गुगलने स्वतःच जाहीर केलं की जाहिरातींसाठी आता मेलचा मजकूर वापरणार नाही.

पण मशीनने वाचणं बंद झालेलं नाही, आणि ते होणारही नाही. स्पॅम कुठलं, व्हायरस कुठला, हे न वाचता कसं कळेल? अण्णांच्या कॅलेंडरात आलं ते वेगळं. त्याला 'स्मार्ट फीचर्स' म्हणतात. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'जनरल' खाली आहे, टिक काढली की बंद होतं.

पोस्टकार्डाची उपमा मात्र अर्धीच बरोबर. आजकाल वाटेत मेल बहुतेक वेळा पाकिटात असतो, म्हणजे तुमच्या फोनपासून कंपनीपर्यंत आणि या कंपनीपासून त्या कंपनीपर्यंत कुलूपबंद जातो. दोन्ही टोकांच्या पोस्ट ऑफिसात मात्र पाकीट उघडं असतं.

---

सुमेधा_मिरज

वालचंद, माहितीबद्दल धन्यवाद, पण "मशीन वाचतं, माणूस नाही" हे वाक्य फार सहज टाकलंत.

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये स्वतःच्या कंपनीतून फुटलेल्या सॉफ्टवेअरचा माग काढायला एका ब्लॉगरचा हॉटमेल डबा उघडून वाचला. न्यायालयाचा हुकूम नाही, काही नाही. डबा आमच्याच सर्व्हरवर आहे ना, मग बघितला. २०१४ मध्ये ते बाहेर आलं, ओरड झाली, मग म्हणाले की यापुढे असं झालं तर पोलिसांकडे जाऊ. २०१६ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की याहूने आदल्या वर्षी अमेरिकन सरकारच्या सांगण्यावरून येणारे सगळे मेल चाळले होते. हे सगळे निर्णय घेणारी माणसंच होती.

आणि तिसरा प्रकार आपण स्वतः ओढवून घेतो. 'नको असलेले मेल बंद करून देतो' म्हणणारी एक फुकट सेवा होती, अनरोल मी नावाची. लोकांनी आनंदाने आपल्या डब्याची किल्ली दिली. २०१७ मध्ये कळलं की तिची मालक कंपनी त्या डब्यांतल्या 'लिफ्ट' या उबरच्या स्पर्धक टॅक्सी कंपनीच्या पावत्यांची माहिती, नावं काढून, उबरला विकत होती. ज्यांना डबा साफ करायला बोलावलं त्यांनी बिलं मोजली.

विश्रामबागकर, तुमच्या खात्याला कुठली कुठली ॲप जोडली आहेत ते आधी बघा. गेम खेळायला 'गुगलने लॉगिन' केलेलं सगळं तिथं दिसतं.

---

अजून_एक_पाटील

मी बघितलं आत्ता. २३ निघाली. त्यातलं एक पंचांगाचं. पंचांगाला माझे मेल कशाला पाहिजेत ओ?

---

चिंचेखालचा

@पाटील, मुहूर्त बघून वाचायचे असतील.

---

हरिपूर_रोड

तुम्ही सगळे २००४ पासून सुरू करताय. आम्ही १९९९ चे. सांगलीत गणपती मंदिराजवळ एक कॅफे होता, नाव आठवत नाही, पडदे लावलेल्या खुराड्यात बसायचं. एक पान उघडायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात एक चहा व्हायचा. मित्राने हॉटमेलचा पत्ता काढून दिला. आपल्याच देशातून गेलेल्या सबीर भाटियाने जॅक स्मिथबरोबर ४ जुलै १९९६ ला ते सुरू केलं आणि दीड वर्षात मायक्रोसॉफ्टला विकलं, याचा तेव्हा काय अभिमान! आम्हीही एक दिवस असंच काहीतरी काढणार होतो. काढलं ते दुकान.

२ एमबीच्या डब्यात मी पुण्याच्या एका मुलीला लिहिलेली आणि तिने मला लिहिलेली पत्रं होती. जागा भरली की जुनं एक पत्र पुसायचं, मग नवीन घ्यायचं. कुठलं पुसायचं यात संध्याकाळ जायची. प्रायव्हसीचा प्रश्न म्हणजे पडद्याच्या फटीतून कॅफेवाला बघतोय का एवढाच.

(नाही, लग्न तिच्याशी झालं नाही. विचारू नका.)

---

कुपवाडचा_विनू

कंपनी वाचते की नाही यावर घोळ घालत बसलाय. आमच्याकडे काय झालं ते ऐका.

चुलतभावाची हळदीची पेढी आहे. सगळा व्यवहार एका फुकट मेलवर, कुठला ते जाऊ दे, त्यांची चूक नव्हती. गेल्या वर्षी त्याला मेल आला, 'आपला डबा भरला आहे, चालू ठेवण्यासाठी इथे दाबा.' दाबलं. लॉगिनचं पान आलं, डिट्टो तसंच. पासवर्ड घातला. काही झालं नाही, मग हा विसरून गेला.

दीड महिन्याने गुजरातच्या व्यापाऱ्याचा फोन, "शेठ, पैसे पाठवून आठ दिवस झाले, माल कधी सोडताय?" पैसे आलेच नव्हते. त्या दीड महिन्यात चोर रोज आत येऊन बसत होता. काही केलं नाही, फक्त वाचलं. कुणाचा सौदा कितीला ठरला, बिल कधी जाणार, भाऊ पत्राच्या शेवटी काय लिहितो, सगळं. बिल गेल्यावर तासाभरात भावाच्याच नावाने दुसरा मेल गेला, 'बँकेत ऑडिट चालू आहे, कृपया या खात्यावर पाठवा.' पत्त्यात फक्त एक अक्षर वेगळं. आणि डब्यात एक नियम लावून ठेवलेला, त्या व्यापाऱ्याकडून जे येईल ते परस्पर दुसऱ्या फोल्डरात. म्हणून त्याचे 'पैसे पाठवले' हे मेल भावाला दिसलेच नाहीत.

साडेचार लाख गेले. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पण आठ दिवस उलटल्यावर त्या खात्यात काय राहणार? दोन्ही पेढ्यांचं पन्नास वर्षांचं येणंजाणं तुटलं, ते वेगळं. तो म्हणतो मी तुमच्या मेलवरूनच पाठवले, हा म्हणतो फोन करून विचारायचं होतं.

कंपनीच्या मशीनने आमच्या हळदीच्या भावात काडीचा रस घेतला नाही. ज्याने घेतला तो माणूस होता.

---

वालचंद_९८

@विनू, फार वाईट झालं. इतरांसाठी: सेटिंगमध्ये 'फिल्टर' आणि 'फॉरवर्डिंग' ही दोन पानं आत्ता उघडून बघा. पासवर्ड बदलला तरी चोराने लावलेला फॉरवर्डिंगचा नियम तसाच राहतो. लोक कुलूप बदलतात आणि मागची खिडकी विसरतात. आणि द्विस्तरीय पडताळणी लावा, म्हणजे नुसत्या पासवर्डवर कुणी आत येत नाही.

---

स्वदेशी_सातारा

एवढी चर्चा झाली आणि झोहोचं नाव कुणी घेतलं नाही? चेन्नईची कंपनी, श्रीधर वेंबूंनी बाहेरचा पैसा न घेता उभी केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द गृहमंत्र्यांनी आपला मेल तिकडे नेला. केंद्र सरकारचे लाखो कर्मचारी त्याच्यावर आहेत. आपला डेटा आपल्या देशात. मी सहा महिने वापरतोय, जाहिरात एक नाही.

---

सुमेधा_मिरज

झोहो चांगलं आहे, कामाला मीही वापरते. पण "आपला डेटा आपल्या देशात" म्हणजे आपल्या देशाचा कायदाही त्याला लागू, हे पुढचं वाक्य कुणी बोलत नाही. सरकारला असा डेटा बघायचा अधिकार देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ वाचा. गृहमंत्री वापरतात म्हणून माझी पत्रं खाजगी कशी होतात, हे मला कळलेलं नाही.

---

स्वदेशी_सातारा

ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला कसली भीती?

---

हरिपूर_रोड

साहेब, तुम्ही घरात संडासाला कडी लावता ना? तिथं काय लपवायचं असतं? (हलके घ्या.)

---

चिंचेखालचा

भडंग संपलं. दुसरा पुडा आणतो.

---

ॲड_काकू

राजकारण सुरू व्हायच्या आत दोन ओळी कायद्याच्या. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्यामुळे 'लपवण्यासारखं काही नाही' हा युक्तिवाद न्यायालयात चालत नाही, कट्ट्यावर चालतो. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यात तुमचा डेटा कशासाठी घेतला हे सोप्या भाषेत सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि ती नोटीस मराठीतही मागता येईल. सरकारला मात्र त्यात बऱ्याच सवलती आहेत, तिथे सुमेधाशी सहमत.

---

निनाद_झुरिकहून

मूळचा बुधगावचा, सध्या झुरिकमध्ये. इथली, म्हणजे स्वित्झर्लंडची, प्रोटॉन मेल ही सेवा २०१४ पासून आहे. मजकूर असा कुलूपबंद ठेवतात की त्यांना स्वतःलाही वाचता येत नाही. थोडी जागा फुकट देतात, जास्त पाहिजे तर पैसे. म्हणजे पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर फुकटवाले चालतात, खानावळीत वाढीव भाताचे पैसे न घेतल्यासारखं. अण्णांच्या 'पगार कोण देतं' याचं उत्तर इथं तरी स्पष्ट आहे.

पण डोळे झाकून नको. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून त्यांना फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता द्यावा लागला. पत्रं दिली नाहीत, कारण देताच येत नव्हती. पण कोण कुठून लॉगिन करतंय ते दिलं. आणि तुम्ही प्रोटॉनवरून जीमेलवाल्याला लिहिलं की त्याची प्रत तिकडे साध्या डब्यात पडतेच. तुमच्या घराला तीन कुलपं, आणि शेजाऱ्याकडे ठेवलेली किल्ली खिळ्याला.

---

अजून_एक_पाटील

म्हणजे मी एकटा बदलून उपयोग नाही, अख्खी पाहुणेमंडळी बदलायला पाहिजेत. आमच्याकडे व्हॉट्सॲपचा ग्रुप बदलायला तीन वर्षं लागली.

---

वैशाली_गावभाग

मी थोडं उलट बोलते. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा तळमजला पूर्ण बुडाला. लोखंडी कपाट आठ दिवस पाण्यात. खरेदीखत, सासऱ्यांची पेन्शनची ऑर्डर, माझी डिग्री, सगळ्याचा लगदा. नवऱ्याने दोन वर्षं आधी बँकेच्या कर्जासाठी म्हणून सगळं स्कॅन करून स्वतःलाच मेल केलेलं होतं. पंचनाम्याला, विम्याला, दुय्यम प्रत काढायला त्याच फाईली कामाला आल्या. कुणीतरी परदेशी कंपनीच्या कॉम्प्युटरात आमचे कागद कोरडे होते.

तेव्हापासून मला या फुकट मेलबद्दल वाईट बोलवत नाही. वाचतात तर वाचू देत.

---

कुपवाडचा_विनू

वैशालीताई, पटलं. पण हरिपूरची जमिनीखालची पेवं आठवा. हळद ठेवायला त्याच्याइतकी भरवशाची जागा नव्हती, वर्षानुवर्षं कीड नाही की काही नाही. २००५ ला पाणी आलं आणि पेवातली हळद पेवातच गेली. एकाच जागी ठेवलेलं कधीतरी जातंच. कपाट असो, पेव असो नाहीतर मेल.

---

शांतारामभाऊ

मेल जातो कसा ते मी सांगतो. आमचा साडू, सैन्यातून निवृत्त. जुना मोबाईल नंबर बंद पडला, रिचार्ज केलं नाही. आपल्याकडे नव्वद दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि नंतर तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. साडूच्या मेलला तोच नंबर जोडलेला. फोन बदलला, पासवर्ड आठवेना, ओटीपी जातोय कुणा भलत्याच माणसाला. कंपनीला कळवायचं कुठं? फुकट सेवेला काउंटर नसतो. फॉर्म भरा, 'आम्ही खात्री करू शकलो नाही', परत फॉर्म भरा. पाच वेळा तेच.

मग बहाद्दराने इंटरनेटवर त्या कंपनीचा 'कस्टमर केअर' नंबर शोधला. मिळालाही. समोरचा गोड बोलला, एक ॲप टाकायला लावलं, आणि अठरा हजार घेऊन गेला. मेल गेला तो गेलाच.

---

वालचंद_९८

हे सगळ्यांनी दोनदा वाचा. या मोठ्या फुकट मेलवाल्यांचा सामान्य ग्राहकासाठी फोन नंबर जवळजवळ नसतोच. जो सापडतो तो बहुतेक चोराचा.

आणि गुगलने २०२३ मध्ये सांगून टाकलंय की दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसणार. त्या डिसेंबरपासून सुरुवातही केली. वारलेल्या माणसाच्या खात्यात कागद असतील तर घरच्यांनी हे लक्षात ठेवा.

---

फॉर्मवाला

नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझं तासगाव तालुक्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. शेतकरी योजना, विमा, शिष्यवृत्ती, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सगळं. फॉर्ममध्ये ई-मेल मागतात. म्हाताऱ्या माणसाकडं कुठला ई-मेल? मग मीच काढून देतो. दहा वर्षांत किती काढले मोजले नाहीत, चारशेच्या वर असतील. पासवर्ड एका वहीत हायत. वही काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. बऱ्याच जणांचा पासवर्ड एकच हाय, गावाचं नाव आणि १२३. खातं परत मिळवायचा नंबर सुरुवातीला माझाच टाकायचो, कारण त्यांच्याकडं फोनच नव्हता.

मी कागद लिहून देतो, हा तुमचा पासवर्ड, जपून ठेवा. तर म्हणतात, "तूच ठेव की बाबा, माझ्याकडं हरवंल." पुढच्या वर्षी परत येतात आणि म्हणतात उघड.

मी आजपर्यंत कुणाच्या मेलमध्ये बोट घातलेलं नाही, देवाशपथ. पण विनूदादांचं वाचल्यापासून झोप नाही. माझी वही कुणी उचलली तर? दुकानात पोरगं ठेवलंय कामाला, चांगलं हाय, पण पोरगंच हाय. तुम्ही लोक गुगल वाचतंय का, सरकार वाचतंय का म्हणताय. आमच्या गावचं गुगल म्हणजे मी हाय. मी काय करू सांगा.

---

सुमेधा_मिरज

वहीत पासवर्ड, आणि तोही सगळ्यांचा एकच? अहो, पॅन, आधार, बँकेचे निरोप सगळं त्याच मेलवर येत असणार. उद्या काही झालं तर पहिलं नाव तुमचं येईल. तुम्ही निर्दोष असून काय उपयोग?

---

शांतारामभाऊ

सुमेधाबाई, जरा दमानं घ्या. माणूस स्वतःहून सांगतोय. आपल्यातला कुणी सांगितला असता का? माझ्या बायकोच्या मेलचा पासवर्ड माझ्या फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर हाय.

---

सुमेधा_मिरज

बरोबर आहे. माफ करा फॉर्मवाले दादा, आवाज चढला.

---

वालचंद_९८

फॉर्मवाले भाऊ, सगळे चारशे एका दिवसात करायला जाऊ नका. जो माणूस दुकानात येईल त्याचं त्याच वेळी करायचं. आधी त्याच्या घरात कुणाकडे फोन आहे ते विचारा, मुलगा, सून, नातू. त्यांचा नंबर टाका, तुमचा काढा. पासवर्ड त्यांना टाइप करू द्या, तुम्ही तोंड फिरवून बसा. मग वहीतली ती ओळ त्यांच्यासमोर खोडा, नुसती रेघ नको, गिचमिड करून खोडा. एका गिऱ्हाइकाला दहा मिनिटं जातील. दहा रुपये जास्त घ्या, कुणी नाही म्हणणार नाही.

तोवर वही ड्रॉवरमध्ये नको. घरी कपाटात.

---

फॉर्मवाला

दहा रुपये नको. करतो. वही आजच घरी आणली, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलीय.

---

चिंचेखालचा

चला, शेवटी सर्व्हर सुरक्षित जागी गेला.

---

निनाद_झुरिकहून

मूळ मुद्द्यावर एक राहिलं. ज्यांचा धंदा मेलवर आहे त्यांनी स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. साधारण हजार रुपयांच्या आसपास वर्षाला पडतं. पत्ता तुमचा राहतो, मागची कंपनी पाहिजे तेव्हा बदलता येते. भाड्याचं घर बदललं तरी पोस्टाचा पत्ता तोच, असं काहीसं. आणि वर्षातून एकदा सगळे मेल उतरवून घरच्या हार्डडिस्कवर घ्या. गुगलची 'टेकआउट' नावाची सोय त्यासाठीच आहे.

---

कुपवाडचा_विनू

भावाने तेच केलं आता. डोमेन घेतलं, महिन्याला पैसे भरतो. आणि बँक खातं बदलल्याचा कुठलाही मेल आला तर आधी फोन, तोही जुन्या डायरीतल्या नंबरवर. गुजरातवाल्याशी बोलणं मात्र अजून बंदच.

---

विश्रामबागकर

चार दिवस येता आलं नाही, बेदाण्याचा सीझन आहे, कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नाही. सगळे प्रतिसाद वाचले, आणि फॉर्मवाल्यांचा वाचून उठलो तो थेट अण्णांचा फोन मागून घेतला.

स्मार्ट फीचर्स बंद केली. जोडलेली ॲप काढली. मग खातं परत मिळवायचा नंबर बघितला. शेवटचे दोन आकडे दिसत होते, ते ना माझे, ना बहिणीचे, ना अण्णांचे. दुसरा ई-मेलही कुणा अनोळखी माणसाचा. माझ्या पोटात गोळा. माझे पॅन-आधार सगळे अण्णांच्या मेलवरही आहेत, कारण मीच पाठवलेत.

अण्णांना विचारलं, हा नंबर कुणाचा? बराच वेळ आठवलं आणि मग म्हणाले, "अरे, आठ वर्षांपूर्वी हयातीचा दाखला काढायला मी एका दुकानात गेलो होतो, त्याने काढून दिलं होतं खातं. माझाच विद्यार्थी. सातवीत असताना गणितात दोनदा नापास केला होता मी त्याला."

मी म्हटलं, अण्णा, ज्याला तुम्ही दोनदा नापास केलं त्याच्या हातात आपल्या घराची किल्ली आहे.

ते म्हणाले, "त्याचं मला नाव माहितीये, घर माहितीये, बाप माहितीये. तुझ्या त्या गुगलचा बाप कोण?"

नंबर बदलला. तरी त्या विद्यार्थ्याला फोन करून सांगा, त्याला वाईट वाटेल, असा अण्णांचा आग्रह आहे. रविवारी जाऊन येतो. माझा मेल मी सोडत नाहीये, पण खरेदीखत आणि पॅन-आधार काढून पेनड्राइव्हवर घेतले, एक प्रत बहिणीकडे दिल्लीला. अण्णांना मात्र "पगार कोण देतं" याचं उत्तर अजून धड देता आलेलं नाही. जाहिरातवाले देतात म्हटलं तर म्हणतात, "मग नोकरी कुणाची करणार ते?"

---

ॲड_काकू

अण्णांना वकिली करायची असेल तर माझ्याकडे एक टेबल रिकामं आहे.

---

फॉर्मवाला

विश्रामबागकर सर, ते दुकान माझं न्हवं, मी गणितात पास झालो होतो. पण तो कोण असंल ते वळखलं. त्याला हा धागा वाचायला सांगतो. त्याची वही माझ्यापेक्षा जाड हाय.

आज अकरा जणांचं झालं. एक आजी म्हणाल्या, नातवाचा नंबर नको, तो आगाऊ हाय, तुझाच ऱ्हाऊ दे. त्यांचं राहिलं.

---

नवीन_सदस्य_कऱ्हाड

सगळं वाचलं नाही. हॉटमेल अजून चालू आहे का?

---

हरिपूर_रोड

चालू आहे, आउटलुकच्या आत गेलंय. हा धागा वाचून मीही परवा रात्री १९९९ चा पत्ता टाकून बघितला. असा पत्ताच नाही म्हणाले. वर्षानुवर्षं उघडला नाही, पुसला असणार.

बायको मागून विचारते, काय शोधताय एवढं? म्हटलं, विम्याचे कागद.